डावा हात, माफ करा

अकोन्सा
३ जानेवारी २०००

खासदारीणबाई कुकुआ एदुफुल यांना,

असं लिहिलं की तुला राग येतो हे मला ठाऊक आहे, म्हणूनच लिहिलं. मिशनच्या शाळेत एका बाकावर बसून, एकच सपातांचा जोड आळीपाळीने घालून आपण सहा वर्षं काढली. तुझ्याशी आडपडदा ठेवून बोलणं मला जमायचं नाही. झालं ते सरळ सांगते.

नववर्षाच्या दिवशी तुझा नवरा गावात आला. तू आली नाहीस, सर्दी झाली होती म्हणे. आतोची गाडी थेट छत्रीला लागून थांबली, आणि बघतो तो हा आसनावर बसलेला. गेल्या सप्टेंबरात सणाच्या वेळी आपल्या राजाने, नानांनी, त्याला विकासप्रमुखाचा मान दिला, आसन दिलं, छत्री दिली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. पण परवा तो तोंडातून एक शब्द बोलला नाही. शेजारी तुमचा पुतण्या जोजो सोनेरी मुठीची काठी घेऊन ओचियामे, म्हणजे राजाच्या वतीने बोलणारा, म्हणून उभा, आणि बोलला सगळा तोच. "प्रमुख म्हणतात... प्रमुखांची अशी इच्छा आहे..." अगं, हा आतो म्हणजे वाळूत उकिडवा बसून माझ्या भट्टीवरची मासळी हाताने उचलून खाणारा माणूस! राजा ओचियामेच्या तोंडून बोलतो ते ठीक आहे, तो राजा आहे. आमच्या मतांवर निवडून आलेल्याला आमच्याशी बोलायला मध्ये माणूस कशाला लागतो?

त्याहून वाईट पुढे झालं. एज्या आबाका त्याला भेटायला गेले. आता ऐंशीला टेकलेत, डोळ्यांनी दिसत नाही, तरी किनाऱ्याचे मुख्य नाखवा अजून तेच. त्यांनी हात पुढे केला आणि आतोने त्यांच्या हातात डावा हात दिला. म्हाताऱ्याला दिसलं नाही, पण अंगठा भलत्या बाजूला लागला. विस्तवाला लागावा तसा त्यांनी हात मागे घेतला. "या वयात मला डावा?" एवढंच म्हणाले आणि नातवाच्या खांद्याला धरून निघून गेले.

शिवाय राजधानीत त्याने दुसरं घर केलंय, तिथली बाई तिशीची आहे, आणि म्हणून तो तीन महिने गावाकडे फिरकला नाही, असंही लोक बोलतात. मी तुला हे विचारत नाही. पण तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून येण्यापेक्षा माझ्याकडून आलेलं बरं.

१५ एप्रिलला पक्षाचे प्रतिनिधी उमेदवार ठरवणार. मासळीला धुरी देणाऱ्या आम्हा बायकांतल्या तेवीस जणी प्रतिनिधी आहेत आणि त्या माझ्या तोंडाकडे बघतात. समोर टाची मास्तर उभा आहे. पोरगेलासा आहे, पण लोकांत बसतो. मोठे ट्रॉलर रोज किनाऱ्याच्या जवळ येतायत, महिन्याभरात चौदा होड्यांची जाळी फाटली. संसदेत आमच्यासाठी ओरडणारा एक आतोच होता. माझा नवरा बुडाला तेव्हा नौदलाच्या फाटकावर जाऊन, शिव्या देऊन, शोधायला बोट आणली ती त्यानेच. मी हे विसरलेले नाही. म्हणून विचारते, त्याच्या डोक्यात हवा गेली आहे का? गेली असली तर काढायला मी स्वतः येते.

तुझी
अराबा एसुमान

*

आक्रा
११ जानेवारी २०००

प्रिय अराबा,

तुझं पत्र बसच्या ड्रायव्हरने आणून दिलं. तुझी मासळीही मिळाली, घर दोन दिवस दरवळत होतं.

एज्या आबाकांची माझ्या वतीने पाय धरून माफी माग. आतोच्या उजव्या मनगटाला गाडीचं दार लागलंय, हात बांधून ठेवलेला होता, अंगावरच्या वस्त्राखाली तो कुणाला दिसला नाही. गर्दीत त्याच्या लक्षात आलं नाही. अपमान करायचा हेतू कसा असेल?

छत्री आणि ओचियामे ही जोजोची आणि पक्षातल्या वडीलधाऱ्यांची कल्पना. मान दिलाय तर तो मिरवला पाहिजे, नाहीतर नानांना वाईट वाटेल, असं त्यांचं म्हणणं. मला त्यातलं कळत नाही.

दुसऱ्या गोष्टीबद्दल मी काही लिहिणार नाही. संसार म्हटला की त्यात काही ना काही असतंच. लोकांना बोलू दे.

तू बायकांना सांभाळ. ट्रॉलरचं प्रकरण तो विसरलेला नाही. रेडिओवर मासेमारीची बातमी लागली की मला हाताने खूण करतो, आवाज वाढव म्हणून. आत्ताच त्याचं जेवण उरकलं आणि मी लिहायला बसले. हल्ली जेवायला त्याला तासभर लागतो. तुझ्यासाठी सहा वार कापड पाठवलंय, निळं आहे, तुला शोभेल.

तुझीच
कुकुआ

*

अकोन्सा
२ फेब्रुवारी २०००

कुकुआ,

कापड छान आहे. अजून शिवलेलं नाही.

काल मंगळवार, होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून सगळ्या बायका भट्ट्यांपाशी जमल्या होत्या. विषय तोच. म्हातारी एफुआन्सा म्हणाली, "बाई ठेवली तर ठेवली! माझ्या नवऱ्याने प्रत्येक बंदरावर एक ठेवली होती, तरी होडी तोच सगळ्यात चांगली चालवायचा." सगळ्या हसल्या. तिची सून म्हणाली, "घरात खोटं बोलतो तो बाहेर खरं बोलेल कशावरून?" त्यावर हसू थांबलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्याच्या बायकोचं दुःख तिच्यापाशी, ते मोजायला आपल्याला कुणी बोलावलेलं नाही. आपली जाळी आपल्यापाशी. जाळ्यांसाठी तो उभा राहतो का, ते विचारा." हे बोलताना मला तुझा चेहरा दिसत होता. तुला विकून मतं गोळा करतेय असं वाटलं. पण सांगते, तेवीसपैकी निदान सतरा जणी अजून त्याच्या बाजूने आहेत. पुरुषांना तर त्या बाईत काही वावगंच दिसत नाही, उलट मांड्या थोपटून हसतात.

पण कुकुआ, त्या बाईच्या गोष्टीवर माझा विश्वास राहिलेला नाही. का ते ऐक.

शनिवारी नानांच्या बहिणीचं अंत्यकर्म होतं. आतो आला होता. नववर्षाला मी लांब होते, या वेळी रडणाऱ्या बायकांत पुढे बसले होते, त्याच्यापासून तीन हातांवर. जोजो ओचियामेसारखा वाकला, कान त्याच्या तोंडाशी नेला, मग ताठ होऊन बोलायला लागला. मी आतोकडेच बघत होते. त्याचे ओठ हलले नाहीत. एकदा नाही, चार वेळा. चारही वेळा जोजो वाकला आणि चारही वेळा ओठ मिटलेले होते.

नाना बोलतात तेव्हा शेजारच्या वडीलधाऱ्यांना ते पुटपुटणं ऐकू येतं. ओचियामे गोड करून सांगतो, लांबवतो, पण पदरचं घालू शकत नाही, कारण मूळ शब्द ऐकलेले चार जण तिथे बसलेले असतात. इथे मूळ शब्दच नव्हता. मग बोलत कोण होतं?

आणि उजवा हात वस्त्राखाली मांडीवर पडला होता तसाच पडून होता. माशी बसली तरी हलला नाही. दार लागलेलं मनगट माशीला हाकलतं गं.

जेवायला तासभर का लागतो?

आतोला काय झालंय?

अराबा

*

अकोन्सा
२० फेब्रुवारी २०००

कुकुआ,

अठरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. ड्रायव्हर म्हणतो, पत्र तुझ्या हातात दिलं.

सोबत एका पत्राची प्रत आहे. टाची मास्तरने ती कचेरीतल्या एका कारकुनाकडून मिळवली आणि काल किनाऱ्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवली. मासेमारी खात्याला लिहिलंय की हंगामात ट्रॉलर किनाऱ्यालगतच्या मनाईच्या रेषेच्या आत आले तर अकोन्साच्या मच्छीमारांची काही हरकत नाही. वर तुझ्या नवऱ्याचं नाव, खाली सही, तारीख १७ जानेवारी.

वाचून झाल्यावर कुणी आरडाओरडा केला नाही. एज्या आबाका म्हणाले, "डावा हात दिला तेव्हाच मला कळायला हवं होतं." माणसं उठून आपापल्या होड्यांकडे गेली.

सही मी नीट पाहिली. सुरेख आहे. शाळेत असताना आतो काढायचा तशीच, शेपटीवाली.

ही सही त्याची आहे का, एवढंच सांग. बाकी काही विचारत नाही.

अराबा

*

आक्रा
१ मार्च २०००

अराबा,

नाही. ती सही त्याची नाही. त्या हाताने त्याला चमचासुद्धा धरता येत नाही.

९ ऑक्टोबरला सकाळी न्हाणीघरात पडला. मी गेले तेव्हा डोळे उघडे होते आणि माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मीच त्याला काहीतरी समजावून सांगायचं राहिलंय. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्ताची गाठ. उजवी बाजू गेली. आणि शब्द गेले. अराबा, आतोचे शब्द! बाजारातल्या भांडणात, कबरीपाशी, संसदेत, कुठेही न अडणारा माणूस. त्याला सगळं समजतं, ऐकतो, हसतो, रडतो. पाणी हवं असलं की 'पाणी' म्हणायला जातो आणि तोंडातून 'दार' येतं. आपण चुकीचं बोललो हे त्याला कळतं. ते बघणं सगळ्यात वाईट.

जोजो आणि पक्षातली माणसं त्याच रात्री आली. म्हणाले, एप्रिलपर्यंत झाकू, तोवर बरा होईल. छत्रीची युक्ती जोजोची.

आता जे लिहिते त्यावर तू काय म्हणशील ते म्हण. ती दुसरी बाई कुठेच नाही. तीन महिने तो दिसत नाही याचं काहीतरी कारण द्यायला हवं होतं. जोजो म्हणाला, "काकी, बाईचं प्रकरण लोक चार दिवस चघळतात आणि मत देतात. आजारी माणसाला जिवंतपणीच पुरतात." मी विचार केला आणि हो म्हटलं. प्रार्थनेला गेले की बायका माझा हात दाबतात, 'देव तुला बळ देवो' म्हणतात, आणि मी मान खाली घालते. पंचवीस वर्षं माझ्याशिवाय दुसरीकडे न बघितलेल्या माणसाच्या नावावर मी स्वतः चिखल टाकला, त्याला वाचवायला.

तुझी प्रत मिळाली तेव्हा मी ती त्याच्यासमोर धरली. वाचायलाही वेळ लागतो त्याला, बोट ठेवून वाचतो. सहीपाशी आला आणि डाव्या हाताने कागदावर अशी थाप मारली की चहा सांडला. म्हणाला, "नाही." पाच महिन्यांत इतका स्वच्छ शब्द मी ऐकला नव्हता. जोजोला आतल्या खोलीत बसून त्याच्या नावाने पत्रं लिहू देत होते मीच. चहाही मीच देत होते.

पण अराबा, पाया पडते, हे गावात बोलू नकोस. सही खोटी आहे असं पक्ष जाहीर करील, मी ते करवून घेते. तू फक्त बायकांना धरून ठेव. डॉक्टर म्हणतात, वर्षभरात बरंच परत येईल. रोज सकाळी तो आरशासमोर बसून ओठ हलवतो. पुन्हा संसदेत जायचं एवढ्या एकाच दोरीला धरून तो उठतोय. ती कापू नकोस.

कुकुआ

*

अकोन्सा
९ मार्च २०००

माझ्या कुकुआ,

पत्र वाचून मी भट्टी तशीच सोडून समुद्रावर जाऊन बसले. आख्खी एक जाळी मासळी करपली. करपू दे.

पाच महिने तू एकटीने हे ओढलंस आणि मी तुला टोमणे मारत होते. त्याची लाज वाटते. आता माझा रागही ऐकून घे, कारण तो दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. तू माझ्या तोंडून बायकांपुढे खोटं बोलवलंस. मी 'जाळ्यांसाठी तो उभा राहतो का ते विचारा' म्हणत होते आणि तेव्हा त्याला कुणाच्या आधाराशिवाय खुर्चीतून उठता येत नव्हतं. त्या पोकळीत जोजो बसला आणि त्याने आमचा समुद्र देऊन टाकला.

आजार म्हणजे पाप नाही. एज्या आबाकांचे डोळे गेले तो दिवस आठवतो? तू तेव्हा इथेच होतीस. एका मंगळवारी त्यांनी सगळ्यांना किनाऱ्यावर बोलावलं आणि सांगितलं, "मला आता पाणी दिसत नाही. माझा नातू बघेल आणि मला सांगेल, निर्णय मी घेईन. चालत नसेल तर आत्ता बोला." कुणी बोललं नाही. सात वर्षं झाली, आम्ही त्यांच्याच शब्दावर होड्या लोटतो, कारण डोळे कुणाचे आणि डोकं कुणाचं हे सगळ्यांना माहीत आहे. ते दिसतंय असं नाटक करत बसले असते, तर एखाद्या दिवशी होडी खडकावर गेली असती. आजार लपवला की आजारी माणसाच्या जागी दुसराच कुणी येऊन बसतो, आणि त्याला आपण निवडलेलं नसतं. मला भीती त्याची आहे, आजाराची नाही.

जोजो म्हणतो लोक आजाऱ्याला जिवंतपणी पुरतात. कदाचित पुरतीलही. पण विचारल्याशिवाय त्याला कसं कळलं?

तू सांगितलंस म्हणून मी तोंड उघडणार नाही. ते ज्याचं आहे त्याने सांगायचं. पण १५ एप्रिलला शाळेच्या दालनात मतदानाआधी उमेदवार बोलतात, तिथे आतोला घेऊन ये. छत्री नको, जोजो नको. तो आला नाही, तर मी एकाही बाईकडे त्याच्यासाठी मत मागणार नाही, आणि का मागत नाही हे विचारलं तर गप्प बसेन. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्या लावतील.

आणि हेही आत्ताच सांगून ठेवते, नंतर फसवलं म्हणू नकोस. तो आला म्हणजे माझं मत त्यालाच, असं वचन मी देत नाही.

तुझी
अराबा

*

आक्रा
२८ मार्च २०००

अराबा,

तुझं पत्र मी तीन वेळा फाडायला घेतलं. शेवटी त्याला वाचून दाखवलं, एज्या आबाकांचा भाग दोनदा. त्याने डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "जाऊ."

जोजो काठी इथेच टाकून गेला, जाताना मला म्हणाला, "काकी, तुम्ही काकांना बाजारात मांडताय." मी दार लावून घेतलं. नंतर बराच वेळ दाराला टेकून उभी होते, कारण तो म्हणाला ते खोटं आहे असं मला छातीठोक सांगता येत नव्हतं.

खात्याला नवीन पत्र गेलंय, आधीचं पत्र आमचं नाही म्हणून. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा आहे, दोन वकिलांसमोर घेतलेला.

तो रोज सराव करतो. तीन वाक्यं आहेत. कधी तिन्ही येतात, कधी एकही नाही.

आम्ही येतोय. वचन देत नाहीस, ते वाचलं. तुझ्या घरी जेवायला थांबायचं की नाही ते आल्यावर बघू.

कुकुआ

*

अकोन्सा
१७ एप्रिल २०००

कुकुआ,

निकालाआधीच तू त्याला गाडीत बसवून निघून गेलीस. मक्याचं केंके केलेलं होतं, मिरची वाटलेली होती. रात्री मी ते शेजारी वाटून टाकलं.

तू व्यासपीठावर त्याच्या कोपराला धरून उभी होतीस, तुझी नजर त्याच्या तोंडावर होती. म्हणून दालनात काय झालं ते तुला दिसलं नसेल. मी मागच्या रांगेतून पाहिलं, ते लिहिते.

तो पाय ओढत आत आला तेव्हा आधी कुणाला ओळखूच आला नाही. मग कुजबुज उठली, आणि पहिल्या रांगेत एज्या आबाका नातवाला विचारत होते, "कोण आलं? असं कोण चालतंय?" नातवाने कानात सांगितलं. आतो थेट त्यांच्यापुढे थांबला. डावा हात पुढे केला आणि म्हणाला, "डावा... हात. माफ... करा." शब्दाशब्दाच्या मध्ये एवढा वेळ गेला की बाहेरची बकरी ओरडलेली मला ऐकू आली. म्हाताऱ्याने हवेत चाचपडून तो हात शोधला आणि स्वतःच्या दोन्ही हातांत धरला. मग दुसरा हात वर वर सरकवत त्याच्या उजव्या खांद्यापर्यंत नेला, खाली लोंबणाऱ्या पंज्यापर्यंत आणला. होडीला कुठे भेग गेलीय ते तपासतात तसं. बराच वेळ सोडला नाही.

मग तू त्याला वर नेलंस. "मी आजारी आहे," हे त्याला आलं. "ती सही माझी नाही," हेही आलं. तिसरं वाक्य काय होतं ते आम्हाला कळलंच नाही. तो प्रयत्न करत राहिला, 'दार, दार' म्हणत राहिला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. टाची मास्तर खुर्चीतून उठला आणि त्या माणसाला म्हणाला, "हसायचं असेल तर बाहेर जा. आणि मत मला देऊ नकोस." मला तो पोरगा तोवर फारसा आवडत नव्हता.

ती तिशीची बाई कुठे आहे, असं एफुआन्सा मोठ्याने म्हणाली. तिची सून म्हणाली, "ती बघ, कोपर धरून उभी आहे." त्यावर बायका रडल्या, कुकुआ. तुझ्यासाठी.

निकाल तुला कळला असेल. आतो अकरा मतांनी हरला. एवढी मतं त्याला पडतील असं जोजोला स्वप्नातही वाटलं नसतं.

आता जे सांगायला बसले ते. माझं मत मी टाचीला दिलं.

बायकांनी मला विचारलं, कुणाला? मी म्हटलं, "आज माझ्याकडे बघू नका." कुणी कुणाला दिलं ते मला माहीत नाही. मी चिठ्ठी घेऊन पडद्यामागे उभी राहिले तेव्हा माझ्यासमोर नौदलाचं फाटक होतं, आणि शिव्या देणारा आतो होता. तो नसता तर माझ्या नवऱ्याला मातीही मिळाली नसती. आणि तरीही. जूनमध्ये ट्रॉलरच्या रेषेचा प्रश्न संसदेत येणार. तिथे ओचियामे चालत नाही. समोरचा बोलला की त्याच क्षणी उठून उत्तर द्यावं लागतं, आणि ते सभागृह बकरी ओरडेपर्यंत थांबणार नाही. तो आजारी आहे म्हणून नाही. शब्दांचं काम आहे आणि त्याचे शब्द अजून वाटेत आहेत, म्हणून. शब्दांऐवजी त्याचा पाय गेला असता, दोन्ही पाय गेले असते, तर मी त्याला पाठीवर घेऊन मतं मागितली असती.

मी हे लपवू शकले असते. पण तुझ्याकडून खरं मागितल्यावर मी कुठल्या तोंडाने लपवू? तू पुन्हा लिहिलं नाहीस तर मी समजून घेईन. निळं कापड शिवलं, त्या दिवशी तेच नेसले होते. तुला दिसलं का माहीत नाही.

अराबा

*

आक्रा
२३ मे २०००

अराबा,

दिसलं होतं.

तुझं पत्र आलं त्यानंतर मी तुझं नावही घरात घेऊ दिलं नाही. आतोने दोनदा विचारलं, म्हणजे 'मासळी?' असं विचारलं, मी समजून न समजल्यासारखं केलं. शेवटी गेल्या आठवड्यात वाचून दाखवलं. टाचीचं वाचताना माझा आवाज चढला. त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला, रागाने नाही, आणि वहीकडे बोट दाखवलं.

माझा राग गेला, असं तुला वाटू नये म्हणून लिहिते. गेलेला नाही. तू चुकलीस असं मला म्हणता येत नाही, म्हणूनच बहुधा जात नाही. लोकांनी त्याला पुरलं नाही हे मात्र मी पाहिलं. आता मी मान वर करून प्रार्थनेला जाते आणि विचारणाऱ्याला सांगते, त्याला झटका आला, ती बाई खोटी होती, आणि हे सांगायला मी उशीर केला.

सोबतचं त्याने चार दिवसांत लिहिलंय. मी एक अक्षरही सुधारलेलं नाही. त्यात लिहिलेली फाईल पेटीत घालून ड्रायव्हरकडे दिली आहे, पेटी जड आहे, टाचीला घेऊन बसच्या फलाटावर जा. जूनआधी पोचायला हवी म्हणतो. म्हणजे 'जून, जून' म्हणतो.

कुकुआ

*

अराबा

हिरवी फाईल
टाचीला दे

फाटलेली जाळी सगळी
होड्यांची नावं तारखा
नऊ वर्षं

सांग त्याला
मोठ्याने वाच

डावा हात
माफ कर

आतो